वाढत गेलेली शिंगं

मी मारलेल्या चितळाची शिंगं ते मेल्यावर वाढली. खरी होती तेव्हा जेमतेम दोन बोटांची होती आणि त्यांवर मऊ लव होती. आमच्या सिंगापुरातल्या, यिशुनच्या फ्लॅटमध्ये, बटाटेवड्याच्या बशा धरून बसलेल्या मंडळींसमोर, ती आधी वीतभर झाली आणि मग हातभर. वाढवायचं काम माझ्या मुलीने केलं. मी फक्त मान हलवली.

चाळिशी उलटल्यावर डॉक्टरने मला रोज चालायला सांगितलं होतं. मला चालण्याचा मनस्वी कंटाळा. मुलगी शाळेत तिरंदाजी करायची, ती मला एका क्लबात घेऊन गेली आणि मी तिथेच चिकटलो. वर्षभरात चाकांचं कंपाऊंड धनुष्य घेतलं. क्लबात फोमचं एक हरीण होतं, दर शनिवारी मी त्याच्या छातीची चाळण करायचो. ऑफिसात दिवसभर मीटिंगमध्ये लोक माझं बोलणं अर्ध्यात तोडायचे. फोमचं हरीण तोडत नव्हतं.

सिंगापुरात कबुतराला दाणे टाकले तरी दंड होतो, शिकारीचं नावच नको. पण क्लबातला एक जण दर वर्षी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या एका मोठ्या रानात जायचा. तिथे चितळं माजली आहेत. आपलीच चितळं, कधीकाळी बोटीतून तिकडे नेलेली. रानाचा मालक म्हणे हात जोडतो, हवी तेवढी मारा, माझ्या गुरांचं गवत खातात. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. गणपतीच्या आरतीनंतर मी ते चारचौघांत बोलूनही टाकलं. "तू फोटो काढून परत येशील रे, झू बघून येतात तसा," एक मित्र म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो, पण तो शब्द मला लागला.

बायकोने दोन दिवस अबोला धरला. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बाहेर हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर मी चिकन राइस हाणतो, ते तिला माहीत आहे आणि त्यावर आम्ही बोलत नाही. शेवटी ती म्हणाली, "जा. पण पिल्लू मारून आलास तर मला सांगू नकोस, आणि लपवूही नकोस." यावर काय करायचं ते मला कळलं नाही. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची. ती म्हणाली, मीही येते, पण एका अटीवर. लहान असेल तर सोडायचं.

"सोडलं," मी म्हणालो.

"असं नाही, बाबा. प्रॉमिस कर."

मी प्रॉमिस केलं. हातात हात देऊन.

आणि लहान कसं ओळखायचं, हेही तिनेच मला शिकवलं. जीवशास्त्र तिचा आवडता विषय. फोनवर पन्नासेक फोटो जमवून ती मला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, प्रश्न विचारायची. चितळाला ठिपके जन्मभर असतात, त्यामुळे ठिपक्यांवर जायचं नाही. तोंड आखूड, कान डोक्याच्या मानाने मोठे, मान बारीक, पोटाची रेषा सपाट, असं दिसलं की सोड. मान भरलेली, पाठ जड, तर मार. यिशुन ते सिटी हॉल, रोज सकाळी, उभ्याने. "सोड. सोड. मार. सोड." शेजारचे लोक आमच्याकडे बघायचे. महिन्याभरात माझं एकही उत्तर चुकत नव्हतं. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की मला कळलं नाही असं म्हणायची सोय तिने ठेवलेली नव्हती.

तीन दिवस आम्ही क्वीन्सलँडच्या त्या रानात पाणवठ्याजवळ कापडी आडोशात बसलो. पहिल्या दिवशी माद्या आल्या, बरोबर पाडसं, म्हणून सोडल्या. दुसऱ्या दिवशी एक जाडजूड नर आला. लांब उभा राहिला, आमच्याकडे बघितलं आणि गेला. तिसऱ्या दिवशी नुसत्या माश्या. संध्याकाळी मालकाने विचारलं, काही मिळालं का, आणि मी नाही म्हटल्यावर तो जरा जास्तच प्रेमाने हसला. मला तो गणपतीतला मित्र आठवला.

चौथी सकाळ शेवटची होती. संध्याकाळी निघायचं होतं. आठ वाजता एकटं एक चितळ आलं, सरळ पाण्यावर, वीस पावलांवर. दोन बोटांची शिंगं, मोठे कान, आखूड तोंड. एमआरटीत तिने दाखवलेला कुठलाही फोटो. मी धनुष्य ताणलं. आता इथे, खरं तर, माझ्या मनात सोडायचंच होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ताणून बघू, नेम धरून बघू, मग सोडू. तेवढ्यात कानाशी मुलगी कुजबुजली, "बाबा, सोड."

आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला सगळे सांगतात. ऑफिसात सांगतात, घरी सांगतात, आता ही सोळा वर्षांची पोर इथे रानात येऊन सांगते. ती गप्प बसली असती तर मी सोडलं असतं. बघा, हेही मी तिच्यावरच ढकलतोय.

मी बाण सोडला. चितळ त्याच क्षणी वळलं आणि बाण छातीत न लागता पोटात लागला. ते पाठीची कमान करून उडालं आणि झुडपांत गेलं.

पोटात बाण लागला की लगेच मागे जायचं नसतं. लगेच गेलं तर जनावर उठून आणखी पळतं, कुठे जाऊन मरतं ते सापडत नाही. थांबायचं, तासन् तास थांबायचं आणि ते आत कुठेतरी झिजत असतं. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. कापडाच्या त्या चौकोनात, गुडघ्याला गुडघा लावून. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. ठिपक्यांवरून नीट कळत नाही, असं म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. एकदा झुडपांतून आवाज आला, खोकल्यासारखा. तिने कानात इअरफोन घातले आणि ते फोनला जोडलेले नव्हते, हे मला दिसत होतं. मला भूकही लागली होती. पिशवीत बायकोने दिलेल्या दशम्या होत्या आणि मी त्यांतली एक खाल्ली. त्या दिवसातली कुठली गोष्ट मला जास्त शरमेची वाटते असं कुणी विचारलं, तर मी ती दशमी सांगेन.

रक्त मला सापडेना. तिला सापडलं, तिचे डोळे चांगले. दीडशेएक पावलांवर ते बसलं होतं, मान वर, डोळे उघडे. आम्हाला बघून उठायला गेलं आणि मागचे पाय उठेनात. मी दुसरा बाण काढला, तो दोरीत बसेना.

"मार ना आता," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "आता काय सोडतोस."

तो बाण नीट लागला.

मालक फोटो काढायला आला तेव्हा मी नको म्हटलं. मांस त्यालाच ठेवून घ्यायला सांगितलं. विमानात मुलगी खिडकीकडे तोंड करून झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं. मी मनात वाक्यं जुळवत होतो, बायकोला कसं सांगायचं. दार उघडताच बायकोने विचारलं, "मारलंस?" मी हो म्हटलं. "लहान होतं?"

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत मुलगी बूट काढता काढता म्हणाली, "मोठा नर होता, आई. बाबाने एका बाणात पाडला. हो ना बाबा?"

मी हो म्हणालो. खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पोरीने मला वाचवलं, असंच मी समजलो.

मग कोजागिरीला कुणीतरी विषय काढला आणि तिने पुन्हा सांगितलं. शिंगं वीतभर. "हो ना बाबा?" हो. दिवाळीच्या फराळाला शेजारच्या सेम्बावांगहून आलेल्या पाहुण्यांना सांगितलं. माझ्या वाढदिवसाला सांगितलं, शिंगं एवढी, आणि हात पसरून दाखवला. दर वेळी शेवटी माझ्याकडे बघून, "हो ना बाबा?" तो मित्र आता मला शिकारी म्हणून हाक मारायला लागला होता. मला तिचा राग यायचा. मी समजलो, ही सूड घेतेय, सगळ्यांसमोर मला भाजतेय आणि तेही हसत हसत. क्लबात ती यायची बंद झाली होती. विचारलं की इथल्या पोरांसारखा 'लाह' लावून म्हणायची, "अभ्यास आहे, लाह."

गेल्या वर्षी तिला युनिव्हर्सिटी मिळाली. रोजचं जाणं-येणं नको म्हणून तिने मैत्रिणीबरोबर युनिव्हर्सिटीजवळ, क्लेमेंटीला खोली घेतली. जाण्याच्या आदल्या रविवारी घरी जेवण ठेवलं. ती आत आईला पुऱ्या लाटायला मदत करत होती आणि एका नव्या पाहुण्याने मला विचारलं, तुम्ही शिकार केलीत म्हणे. मी सांगायला लागलो. कुणी भरीस घातलं नव्हतं. पाणवठा, आठची वेळ, भरलेली मान, जड पाठ, हातभर शिंगं, एक बाण. फार छान सांगत होतो. मधेच वर बघितलं तर ती दारात पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. मी थांबलो, तिच्या नेहमीच्या शब्दांची वाट बघत. तिने ताट टेबलावर ठेवलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे खोके लिफ्टपर्यंत नेत होतो. स्वतःचं धनुष्य तिने कपाटातच ठेवलं होतं. मला राहवलं नाही. "काल का नाही विचारलंस?" मी म्हणालो. "इतकी वर्षं मला जाळलंस ना त्या गोष्टीने? झालं का समाधान?"

तिला खरोखरच काही कळलं नव्हतं, असं वाटलं.

"जाळत नव्हते, बाबा. पहिल्यांदा तुला वाचवायला बोलले. आईसमोर तुझा चेहरा कसा झाला होता. मग मला वाटलं, तू नंतर खरं सांगशील. नाही सांगितलंस. म्हणून विचारत राहिले. दर वेळी शिंगं मोठी करायचे, म्हटलं आता तरी नाही म्हणेल." तिने लिफ्टचं बटण दाबलं. "काल ती हातभर शिंगं तू स्वतःच सांगितलीस. मग विचारायचं काय?"

मी खोके लिफ्टच्या दारापाशी सरकवले. बोलायला तोंड उघडलं तेव्हा दार सरकायला लागलं होतं.

"लहान होतं ते," मी म्हणालो.

"माहितीये, बाबा," ती खोका आत ओढत म्हणाली. "मी तिथेच होते."