‘तारीख बदला’चं बटण

सुगंधा परब चारकोपच्या एका लहानशा कंपनीत टेस्टर होती. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. सतरा वर्षं ती हे इमानाने करत आली होती.

ऑगस्टमध्ये एका डायलिसिस केंद्राच्या चालू ॲपची नवी आवृत्ती तिच्याकडे आली. तपासायला हवे होते आठ दिवस, मिळाले तीन. अशा वेळी धोका कुठे जास्त ते बघून क्रम लावायचा असतो. तिने तक्ता केला. नोंदणी वर, रक्ताचे रिपोर्ट वर. ‘तारीख बदला’ हे बटण सहा महिन्यांत जेमतेम अकरा वेळा वापरलं गेलेलं. ते गेलं तळाला. तळापर्यंत ती पोचलीच नाही. रजा मंजूर होती, गणपतीला गावी जायचं होतं.

केंद्रातले निम्मे पेशंट कोकणातले. गणपतीत तेही गावी जाणार, त्याआधी तारखा बदलून घेणार. स्वतः बॅग भरणाऱ्या बाईला एवढं सुचू नये? नाहीच सुचलं. आकडे भल्याभल्यांचे डोळे झाकतात.

तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नाना सावंतांना ॲप तिनेच शिकवलं होतं. नानांनी गुरुवारचं डायलिसिस बुधवारवर घेतलं. ॲपने गुरुवार खोडला आणि बुधवार लिहिलाच नाही. बुधवारी नाना केंद्रावर गेले तर तिथे सांगितलं, नाव नाही, मशीन रिकामं नाही. रात्रीची गाडी होती. पुढचं डायलिसिस रविवारी कुडाळला ठरलं होतं. तेवढं निभेल म्हणून नाना बायकोला, रुक्मिणीकाकूंना, घेऊन गाडीत बसले. शनिवारी त्यांना धाप लागली आणि दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले.

परत आल्यावर सुगंधाने पहिल्यांदा नानांच्या तारीखबदलाची नोंद उघडली. नानांनी सगळं बरोबर दाबलं होतं.

“तक्त्यावर क्लायंटची सही आहे ना? मग तू कशाला टेन्शन घेतेस यार,” तिचा साहेब देवेश म्हणाला.

सही होती. तक्ता पद्धतीला धरूनच होता. तरी तिला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी ती वर गेली. रुक्मिणीकाकू नानांच्या शर्टांच्या घड्या घालत होत्या.

“ह्येंचाच चुकला गो,” काकू म्हणाल्या. “साधो मोबाईल दाबूक येयना.”

मान हलवून खाली जाता आलं असतं.

“नाही काकू. नानांनी बरोबर दाबलं होतं. ॲप चुकलं. ते मी तपासायला हवं होतं, मी सोडलं.”

काकूंनी घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडला.

“मगे गाडयेत वाटभर मी तेंका त्या मोबाईलावरून कित्याक गो बोललंय?”