कळंबचं तिकीट

मी त्याचा जामीनदार आणि तो माझा. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी फॉर्म पुढे सरकवले, आम्ही एकाच पेननं एकमेकांच्या कर्जाच्या कागदांवर सह्या ठोकल्या आणि बाहेर येऊन समोसे खाल्ले. समोशांचे पैसे त्यानं दिले. तेव्हा मला तो त्याचा मोठेपणा वाटला. नंतर वर्षभर मी त्या समोशांवर संशय घेत होतो.

आमच्या घराण्यात आजा कारकून, बाप कारकून. धंदा करणारा मी पहिला, आणि बायकोच्या मते शेवटचा. पुसदला मी थंड पाण्याच्या जारचा प्लांट टाकला. माझ्या या जामीनदार मित्राचं बिछायत केंद्र होतं, म्हणजे मंडप, खुर्च्या, गाद्या आणि नवरदेव-नवरीला बसवायची लाल मखमलीची सिंहासनं. लग्न ठरलं की मंडप त्याचा, पाणी माझं. कर्जही आम्ही एकाच हंगामात काढलं. त्यानं दिव्यांची कमान घेतली, मी पाणी गार करायचं दुसरं यंत्र. मग गावाबाहेर दोन लॉन उघडले. त्यांच्याकडे खुर्च्याही त्यांच्याच आणि पाणीही त्यांचंच. आमची लग्नं एकदमच बंद पडली. त्यात माझे जार परत येत नसत. लोक पाणी पीत आणि जारमध्ये तुरीची डाळ भरून ठेवत. मी जार मागायला गेलो की बाई डाळ दाखवून विचारायची, "आता हे कशात ओतू, भाऊ?" मी तसाच परत येई. कधीकधी वाटीभर डाळ घेऊन.

हप्ते थकले तसा पोस्टमन आला. माझ्या घरी दोन नोटिसा, एक माझ्या कर्जाची आणि एक जामीनदार म्हणून त्याच्या कर्जाची. त्याच्या घरीही तशाच दोन. दोन बुडालेल्या माणसांनी एकमेकांच्या कंबरेला दोर बांधावा तसा प्रकार.

कोर्टासमोर टेबल टाकून बसणाऱ्या एका अर्ज लिहिणाऱ्यानं मला नादारीचं ज्ञान दिलं. कर्ज फेडायची ऐपत उरली नाही असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं, असेल नसेल ती मालमत्ता त्यांच्या ताब्यात द्यायची आणि रोजच्या तगाद्यातून सुटायचं.

"अन् जामीनदार?" मी विचारलं.

"तो नाई सुटत," तो पान चघळत म्हणाला. "संस्था मंग त्याले धरते. म्हून म्हनतो, दोघंबी बुडाले असन तर जो आंधी जाईन तो वाचते."

हे ऐकून मला पहिली आठवण झाली ती ही की, हा माणूस माझ्या मित्राच्या आतेभावाचा शेजारी आहे. म्हणजे हे ज्ञान मित्रालाही मिळालं असणार. बहुतेक माझ्या आधी.

त्या दिवसापासून आमची मैत्री फार वाढली. तो रोज माझ्या प्लांटवर यायचा, मी रोज त्याच्या गोदामात. मी कुठे जातो ते त्याला बघायचं होतं, तो कुठे जातो ते मला. एकदा त्यानं सहज विचारलं, "तुह्या घराचे कागद कोनाच्या नावावर आहे रे?" मला रात्री घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मीही सहज विचारलं, "सिंहासनं इकून राह्यला म्हने?" त्याला चहाचा ठसका लागला. त्याच्या टेबलावर नवी कोरी निळी प्लास्टिकची फाइल दिसली. आयुष्यभर बिलं खिळ्याला टोचून ठेवणारा माणूस. त्याला फाइल कशाला लागते? अशीच निळी फाइल मी दोन दिवसांपूर्वी घेतली होती, म्हणून मला कळलं.

बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी अलीकडे लय गोड बोलून राह्यले. कोनाले बुडवता?"

मी यवतमाळच्या एका वकीलसाहेबांची वेळ घेतली. अर्ज त्यांनी आधी पाठवला होता, तो मी घरी भरला आणि प्रत्येक पानावर सही केली. सकाळच्या एसटीत चढलो तर तिसऱ्या बाकावर मित्र. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून चौकोनी कोपरा बाहेर.

"अरे! कुठं चालला?" तो म्हणाला.

अशा वेळी हुशार माणूस दारव्हा म्हणाला असता, दिग्रस म्हणाला असता आणि तिथे उतरून त्यानं मागच्या गाडीनं यवतमाळ गाठलं असतं. मी म्हणालो, "कळंबले. चिंतामणीचं दर्शन. लय दिवसांचं मनात होतं."

कळंब यवतमाळच्याही पुढे, नागपूरच्या रस्त्यावर. हे तोंडातून निघेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

त्याचा चेहरा क्षणभर पडला, मग फुलला. "काय सांगतं! मीबी थितंच चाललो ना बाप्पा!"

यवतमाळच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. वकीलसाहेबांचं ऑफिस तिथून चालत दहा मिनिटं. मी म्हणालो, "तू बस गाडीत, मी पानी घेऊन येतो." तो म्हणाला, "मीबी येतो." मग तो म्हणाला, "मी जरा लघवीले जाऊन येतो." मी म्हणालो, "मलेबी लागलीच आहे." शेवटी दोघं शेजारी बसून कळंबला निघालो. तिकिटं त्यानं काढली. पुन्हा समोसाच, मी मनात म्हणालो.

देवळाबाहेर फुलवाली बाई म्हणाली, "भाऊ, पिशव्या ठेवा अठी, खाली पायऱ्या लय आहे." आम्ही दोघांनीही पिशव्या छातीशी धरल्या. बाई हसली. "एवढं का सोनं हाय त्यात?"

कळंबचा गणपती जमिनीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. पुढे कोणी चालायचं यावर आमचं थोडं झालं. मागचा पळून जाईल ही भीती. अखेर हातात हात धरून उतरलो. दोन मिशीवाले प्रौढ बाप्ये, हातात हात, काखेत फायली. लोकांना वाटलं असेल किती ही माया. देवासमोर मी डोळे मिटले, पण एकच. दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं तर त्याचाही एक उघडा.

वर आलो तसा माझा फोन वाजला. वकीलसाहेब. त्यांचा आवाज असा की फोन कानाला लावला तरी बाजूच्या दुकानात ऐकू यावा. "अहो, बारा वाजले, येताय ना?"

"राँग नंबर," मी म्हणालो आणि ठेवून दिला.

मित्र फुलवालीच्या दुर्वा बघत होता. दोन मिनिटं गेली नसतील, त्याचा फोन वाजला. तोच आवाज, तोच प्रश्न. "अहो, साडेबाराची वेळ दिली आहे तुम्हाला, येताय ना?"

"राँग नंबर," मित्र म्हणाला.

मग आम्ही दोघांनीही दुर्वा बघितल्या. बराच वेळ. फुलवाली कंटाळून म्हणाली, "घेता का नाई?"

"तुहा वकील कोनता बे?" शेवटी तो म्हणाला.

"जो तुहा आहे तोच."

पायरीवर बसून आम्ही फायली बदलल्या. आजवर कोणाचीही चोरी मी इतक्या अधिकारानं पकडली नव्हती, त्यामुळे त्याचे कागद मी न्यायाधीशासारखे उलटले. मालमत्तेच्या यादीत त्यानं खुर्च्या, गाद्या, कमान असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. खाली एक ओळ होती : "पाण्याचे रिकामे जार, अकरा. हे माझे नाहीत, मित्राचे आहेत, त्याला परत द्यावे."

"अकरा जार तुह्याकडे?" मी ओरडलो. "सारं पुसद पालथं घातलं मी त्या जारांसाठी!"

"लिहिलं ना परत द्याचे म्हून!"

"मले सांगाचं सोडून कोर्टाले सांगतं?"

पण त्याचं लक्ष माझ्या फाइलीकडे होतं. तो पानामागून पान उलटत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. तेव्हा मला दिसलं. त्याच्या अर्जावर सहीच्या जागा कोऱ्या होत्या. एकही सही नव्हती. माझ्या अर्जावर मात्र पानोपानी माझी झोकदार सही, खाली दोन रेघा.

"तू सह्या केल्या," तो म्हणाला.

"सराव म्हून केल्या," मी म्हणालो. यापेक्षा वाईट उत्तर सुचणं शक्य नव्हतं.

तो हसला नाही, भांडलाही नाही. फाइल परत देऊन एवढंच म्हणाला, "मी एक महिना झाला घेऊन फिरून राह्यलो. पेन काढलं का तुहं घर दिसे. तुह्या सह्या कशा झाल्या रे?" मी त्याला दुर्वांची जुडी घेऊन दिली. पाच रुपयांची.

परतीच्या गाडीनं आम्ही एकत्रच वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी दोघांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि आधी पाण्याचे ग्लास मागवले. म्हणाले, "दोघांपैकी एकाचंही काम मी घेणार नाही. नादारीत तुमचा प्लांट जाईल, यांच्या खुर्च्या जातील, वर्षं जातील, आणि जो मागं राहील त्याच्या मानगुटीवर दोन कर्जं बसतील. संस्थेला जाऊन भेटा. लोकअदालत जवळ आली आहे. तडजोड करा, हप्ते बांधून घ्या, तिथे नोंदवा."

मला लगेच वाटलं, वकील असून फी सोडतो? याला संस्थेनं काय दिलं असेल?

संस्थेत गेलो तर व्यवस्थापकांनी चहा पाजला. नोटिसा पाठवणारा माणूस चहा पाजतो म्हणजे पेल्यात काहीतरी असणारच, म्हणून मी मित्रानं पिईपर्यंत थांबलो. त्यांनी तडजोडनाम्याचा मसुदा दिला. दंडाचं व्याज सोडून द्यायचं, मुद्दल आणि साधं व्याज तीन वर्षांच्या समान हप्त्यांत, लागोपाठ दोन हप्ते चुकले की सवलत रद्द आणि जुनी सगळी रक्कम उभी. कर्जदारानं सही करायची आणि जामीनदारानंही.

हे इतकं बरं होतं की मला झोप लागेना. मी मसुदा आठ दिवस घरी ठेवला. भिंगानं वाचला. उलटा धरून वाचला. परिच्छेदांमध्ये मोकळी जागा होती, तिथे नंतर कोणी काही घुसवू नये म्हणून मी प्रत्येक मोकळ्या जागेवर पेननं आडव्या रेघा मारल्या, चेकवर मारतात तशा. व्यवस्थापकांनी तो कागद उजेडात धरला आणि विचारलं, "हे काय केलं?"

"खबरदारी," मी म्हणालो.

"हा मसुदा होता. आता सगळा पुन्हा टाइप करावा लागेल." मग टाइप करणाऱ्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी आजही पतसंस्थेत चुकवतो.

लोकअदालतीत पुढे बसलेल्या न्यायाधीशबाईंनी विचारलं, "दोघंही स्वखुशीनं करताय ना? कोणाचा दबाव नाही?"

मी मित्राकडे पाहिलं, मित्रानं माझ्याकडे. "नाई," दोघं एकदम म्हणालो. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही त्याच्या मोटारसायकलवर जाऊन हप्ते भरतो. तो माझी पावती बघतो, मी त्याची. खिडकीवर आधी कोण भरणार हे आळीपाळीनं ठरतं. प्लांटवर मी आता जार डिपॉझिट घेतल्याशिवाय सोडत नाही, तो शाळांच्या कार्यक्रमांना खुर्च्या पुरवतो. हप्त्यापुरतं सुटतं.

गेल्या महिन्यात मी बायकोसह लेकीकडे ढाणकीला गेलो होतो. फोनचं चार्जर घरी राहिलं. पाच तारखेला सकाळी परत आलो तो थेट त्याच्या गोदामावर. कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "ते तर पाहाटेच पिशवी घेऊन यवतमाळच्या गाडीत बसले."

पिशवी. यवतमाळ. सही करायला त्याला तेव्हा जमलं नव्हतं, पण माणूस शिकतो. आणि सह्या कशा करायच्या हे त्याला दाखवलं कोणी? मीच. मी पतसंस्थेत पळत गेलो. धापा टाकत विचारलं, "तो आलता का?"

"त्यांचा हप्ता काल सायंकाळीच जमा झाला," रोखपाल म्हणाला. "तुमचंच विचारत होते. म्हणाले, घराले कुलूप, फोन बंद, कुठं गेला असन?"

मी रोखपालाच्या टेबलावर फोन चार्जिंगला लावला. सुरू होतो न होतो तो मित्राचा फोन.

"कुठं हायेस बे तू?" तो ओरडला.

"पतसंस्थेत. हप्ता भरून राह्यलो. तू कुठं?"

त्याच्याआधी मागून एक दणदणीत आवाज आला, फोन न लावताही मला ऐकू आला असता असा : "अहो, नाही आले ते माझ्याकडे! कुठलाही अर्ज केला नाही त्यांनी! किती वेळा सांगू?"

"मी... कळंबले आलतो," मित्र म्हणाला. "दर्शनाले."

"बरं केलं," मी म्हणालो. "माह्यावाला नमस्कार सांग."

संध्याकाळी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आला. झाकणावर यवतमाळ स्टँडसमोरच्या मिठाईवाल्याचं नाव छापलेलं होतं. त्यानं त्यावर अंगठा ठेवून बॉक्स पुढे केला. मी दोन पेढे घेतले, देवाचे म्हणून कपाळाला लावले आणि माझी पावती त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती दिव्याखाली नेऊन नीट वाचली, तारखेसकट. मग माझ्या बायकोनं केलेला चहा घेतला. पण मी पहिला घोट घेईपर्यंत थांबला.