हॉस्टेलला टाकीन

आमच्या मारुंजीच्या इमारतीत मुलांना धाक घालायला बागुलबुवा लागत नाही. एक वाक्य पुरतं: 'अभ्यास नाही केलास तर हॉस्टेलला टाकीन.' तळमजल्यावर मालकीणबाई राहतात आणि वर आम्ही भाडेकरू, सगळे हिंजवडीच्या कंपन्यांसाठी कुठून कुठून आलेले. आम्ही परभणीकडचे. पण हे वाक्य दर घरात होतं, तसं आमच्याही होतं. मुलीला मी बोलायचे, हिचे बाबा बोलायचे. दप्तर पसरलेलं दिसलं तरी बोलायचो. तोंडाला सवयच लागली होती. बोलणारे आम्ही विसरून जायचो, ऐकणारी विसरत नव्हती, हे फार उशिरा कळलं.

मालकीणबाईंकडे तर त्या वाक्याला पुरावाच होता. दुपारी जिन्यात बसून त्या आंबेमोहोर निवडायच्या आणि जमलेल्या पोरांना आपल्या थोरल्याची गोष्ट सांगायच्या. "लई उंडगा व्हता. पुस्तक हातात धरायचा न्हाई. मग ह्यांनी नेऊन टाकला हॉस्टेलात. रडून रडून निम्मा झाला पोरगा." तो थोरला आता चाळिशीचा, पोट सुटलेला, जमिनींच्या व्यवहारात असतो आणि त्याचं काही बिघडलेलं दिसत नाही. पण गोष्टीतला पोरगा दर दुपारी नव्यानं रडायचा. माझी मुलगी तांदळातले खडे वेचता वेचता ते ऐकायची.

आता एका शाळेबद्दल सांगते. शाळा सरकारी, सहावीपासून निवासी, राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथंच. प्रवेश परीक्षेवर, आणि परीक्षा अशी की हजार पोरांतून बोटांवर मोजण्याइतकी आत जावीत. हिच्या बाबांनी लहानपणी तीच परीक्षा दिली होती, नंबर लागला नव्हता. त्यांच्या गावातून जो एकच मुलगा गेला, तो आज मोठा अधिकारी आहे. त्याचा विषय निघाला की आमच्याकडे जेवण शांततेत होतं. मुलगी चौथीत गेली आणि ते म्हणाले, "हिला बसवू या."

खेड्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना तिथं जागा जास्त असतात, आणि आजूबाजूला टॉवर उठले तरी मारुंजीची शाळा अजून गावची शाळा. त्यामुळे घरात मुलांशी इंग्रजीतून बोलणाऱ्या आईबापांनी आपली पोरं धडाधड जिल्हा परिषदेच्या शाळेत आणून घातली. मी त्यांना पोट धरून हसले. महिनाभरात आमचीही तिथंच घातली.

एक गोष्ट मात्र आम्ही ठरवून लपवली. तिथं राहावं लागतं, हे हिला सांगायचं नाही. "आत्तापासून कळलं तर मन लागायचं नाही," हिचे बाबा म्हणाले. मला पटलं. नंबर लागला की सांगू, त्यात काय. पाचवीत शिष्यवृत्तीचीही परीक्षा असते, तिच्या लेखी दोन्ही एकाच माळेचे मणी. आकृत्यांची कोडी, उताऱ्यावरचे प्रश्न, पेनानं गोल काळे करायचा सराव, हेच तिचं जग झालं. पहाटे ती आपणहून उठायची. खाली मैत्रिणी सायकली फिरवायला लागल्या की खिडकी लावून घ्यायची. मी फोनवर नातेवाइकांना सांगायचे, "हिला सांगावं लागत नाही हो, मुळातच आवड आहे." आवड म्हणे. काय बोलत होते मी.

परीक्षेचं केंद्र पौडला होतं. फाटकाबाहेर जे पाहिलं त्यानं मी हबकून गेले. एक बाप मुलाचे दंड धरून त्याच्याकडून वर्गसंख्या म्हणून घेत होता आणि तो मुलगा मधेच ओकला, तर बापानं रुमालानं त्याचं तोंड पुसून पुढची संख्या विचारली. पेपर सुटल्यावर एका बाईनं मुलगी बाहेर येताच उत्तरं विचारायला घेतली, एक चुकलेलं निघालं आणि सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. कसली माणसं ही, असं मी हिच्या बाबांना म्हणतेय तोवर आमची मुलगी समोर आली. तिला पाणीही न देता मी पहिलं काय विचारलं, तर "घड्याळाच्या गणिताला काय लिहिलंस?" उत्तर बरोबर होतं, म्हणून मी चांगली आई ठरले.

निकाल लागला तेव्हा मी हिंजवडीच्या चौकात कंपनीच्या गाडीत अडकलेली. हिच्या बाबांचा फोन आला. लागला, एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. बारा वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं. गाडीतल्या अनोळखी मंडळींनी माझं अभिनंदन केलं. घरी जाताना पेढे घेतले आणि मुलीला घेऊन पहिली मालकीणबाईंकडे गेले.

त्यांनी पेढा तोंडात टाकला, मुलीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "लई हुशार हाय गं पोरगी. मग आता कवा जायाची हॉस्टेलात?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. मी घाईघाईनं हसले, म्हटलं, अगं, छान शाळा आहे, तिथंच राहायचं, सगळ्या मुली असतात, मोठं मैदान आहे. ती मधेच म्हणाली, "पण मी तर अभ्यास केला होता."

मालकीणबाईंना काही कळलं नाही. मला कळलं. दोन वर्षं ही मुलगी पहाटे उठत होती ती त्या शाळेत जाण्यासाठी नव्हे, हॉस्टेलला जावं लागू नये म्हणून. आम्ही जी शिक्षा सांगत होतो, तीच बक्षीस म्हणून तिच्या हातात ठेवली होती.

वर आल्यावर तिच्या बाबांना सांगितलं. पण अशी जागा कोण सोडतं. माझ्याच्यानंही सोड म्हणवेना. मग आम्ही आठवडाभर तिला समजावलं. ते हॉस्टेल वेगळं, हे वेगळं. तिथं टाकतात, इथं निवडतात. ती प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होती. भांडली नाही, रडली नाही. आम्ही म्हटलं, समजूतदार आहे, पटलं तिला. पत्र्याची ट्रंक घेतली, कुलूप घेतलं, चिवडा आणि शंकरपाळे केले, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला तिला सोडून आलो.

पहिल्या चाचणीत ती वर्गात पहिली आल्याचं सरांनी फोनवर सांगितलं. हिच्या बाबांनी ऑफिसात सगळ्यांना समोसे खाऊ घातले. भेटीचा रविवार आला, आम्ही डबे भरून निघालो. फाटकापाशी झाडाखाली इतर मुली आईबापांची वाट बघत हुंदडत होत्या. आमची एका कडेला बसली होती, आणि तिच्या शेजारी तिची ट्रंक होती. गादी गुंडाळून सुतळीनं बांधलेली. केसांना तेल लावून स्वतःच्या हातानं घातलेल्या दोन वेण्या, एक वर, एक खाली.

"पहिली आले," ती आम्हाला म्हणाली. "आता चला."

तिच्या बाबांनी तिच्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं. हा माणूस तीस वर्षं त्या फाटकाच्या आत जायला तळमळला होता. ते काय करतील याचा मला खरंच अंदाज नव्हता, आणि मला त्यांची भीती वाटली. ते आत गेले, बराच वेळ सरांशी बोलले, कुठंकुठं सह्या करून आले आणि ट्रंक खांद्यावर घेतली.

मारुंजीला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मालकीणबाई जिन्यातच होत्या. ट्रंक बघून त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि पाय जवळ घेऊन वाट दिली. घरात शिरल्यावर मुलीनं हातपाय धुतले. खालून मैत्रिणींनी हाका मारल्या, सायकलींच्या घंट्या वाजवल्या.

"जा, खेळून ये," मी म्हटलं.

तिनं खिडकी लावून घेतली, गादीची सुतळी सोडायच्या आधी ट्रंकेतून पुस्तक काढलं आणि भिंतीला टेकून वाचायला बसली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "अगं, राहू दे आज. आता तुला कुणी कुठं पाठवणार नाही. अभ्यास केलास तरी आणि नाही केलास तरी."

"हो," ती म्हणाली, आणि पान उलटलं.