मांडी न मावणाऱ्या चार खुर्च्या

गेल्या रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, दिवेआगरात, आमच्याच पडवीत माझ्या सख्ख्या आत्यावर अन्याय झाला. करणारी मी.

आत्या म्हसळ्याची. दादाच्या लग्नात मानाची साडी बारीक काठाची मिळाली, म्हणून दोन वर्षं तिने आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. बाबा स्वतः जाऊन हात जोडून आले, तेव्हा कुठे जेवायला यायला तयार झाली. आता बिनसलं की कायमचं!

अशा बाईला जुन्या, पिवळट पडलेल्या खुर्चीत बसवायचं? (एसटी स्टँडवर म्हाताऱ्यांना बाक मिळावेत म्हणून मी वर्षभर पत्रकं वाटली आहेत. बसण्याच्या हक्काबद्दल मला कोणी शिकवू नये.) जुन्या खुर्च्या भंगारात दिल्या आणि चार डिझायनर खुर्च्या मागवल्या. प्लास्टिकच्याच, पण अर्ध्या अंड्यासारख्या खोलगट, खाली चार काटकुळे पाय. आईने विचारलं, यात बसायचं की पाणी भरायचं? मी तिला मागासलेली ठरवलं.

आत्या आली, टेकली आणि दोन्ही पाय वर घेऊन तिने मांडी घातली. आमच्याकडे पाय खाली सोडून बसतो तो पाहुणा. खुर्चीत मांडी घालतो तो घरचा. म्हणजे रुसवा संपला! बाबांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आत्या खाली खाली जायला लागली. गुडघे कानाशी आले. बाबांनी एक हात ओढला, मी दुसरा. आत्या उठली, खुर्चीही उठली. मी खुर्ची खाली दाबली, तर आत्या आणखी रुतली. शेवटी आईने गादी अंथरली, खुर्ची आडवी केली आणि आम्ही आत्याला अक्षरशः ओतलं.

बाबांचा चेहरा पांढराफटक.

आत्याने पदर सारखा केला. "तुज्या त्या स्टँडावरचा बाक बरा गो. उठता तरी येतंय."

"आत्या, चुकलं माझं."

"बस आता तू. मांडी घाल."

घातली. अडकले.

"हिला काढायची न्हाय," आत्या आईला म्हणाली. "पानं वाढा."

मग ती पडवीच्या कट्ट्यावर ऐसपैस मांडी ठोकून तीन वाट्या सोलकढी प्यायली. मी अंड्यातून बघत होते. आज पाचवा दिवस, आत्या अजून इथेच आहे आणि जायचं नाव काढत नाही.

तर वाचकहो, माझी मागणी एकच. खुर्ची घेण्याआधी भर दुकानात तिच्यात मांडी घाला आणि कोणाचाही हात न धरता उठून दाखवा. मी या चारही मोबाइलवर निवडल्या. पलंगावर लोळत.