क्रेनमामांचा एकच प्रश्न

काल आपण क्रेनमामांना वाचनालयाच्या जिन्यावर अर्ध्यात उभं करून आलो होतो, तर तिथूनच पुढं. जिना मोजून एकोणीस पायऱ्यांचा. ज्या माणसानं एकतीस वर्षं रोज सकाळी बारा मजल्यांएवढी उभी शिडी चढून क्रेनच्या केबिनीत बैठक मारली, तो नवव्या पायरीवर कठडा धरून धापा टाकतोय, आणि मी मागून विचारतोय की मामा, खाली सिग्नल द्यायला माणूस उभा करू का? मामांनी मागं वळून असं काही बघितलं की मीच दोन पायऱ्या खाली आलो.

वर कोरियन भाषेचा वर्ग भरायचा. दर शनिवारी दुपारी, फुकट, वर चहा. शिकवणारी बाई तिकडचीच, आमच्या चष्मेवाल्याची सून. आपली मराठी इतकी स्वच्छ बोलते की तिच्यासमोर मला माझीच सुधारावीशी वाटते. पहिल्या दिवशी तिनं एकेकाला विचारलं, कशासाठी शिकताय? पोरींनी मालिकांची नावं घेतली. एका नर्सला तिकडं नोकरी करायची होती. मी खरं ते सांगून टाकलं, की नातीनं नाव घातलंय आणि दुपारचा मी घरात कुणालाच नको असतो. सगळे हसले. मामा मात्र उठून उभे राहिले, शाळेत राहतात तसे, आणि म्हणाले, "मला एका माणसाला एकच प्रश्न विचारायचाय. तेवढं लिहायला आलं की मी येणं बंद करीन."

तो माणूस म्हणजे एक कोरियन इंजिनिअर. मोठ्या पुलाचं काम चाललं होतं तेव्हा मामांच्या क्रेनखाली तो उभा असायचा. खालून त्याचे हात, वरून मामांचे. हात वर करून बोट फिरवलं की उचल, खाली फिरवलं की सोड, मूठ आवळली की थांब. पाच वर्षं दोघांचा संसार हातांवर चालला. वॉकीटॉकी होती, पण त्यावरही 'दादा, हळू' आणि 'दादा, बस' एवढंच. त्यानं आपले चाळीसेक शब्द उचलले होते, मामांनी त्याचा एकही उचलला नव्हता. मामी म्हणायच्या, यांचं तर माझ्याशीसुद्धा 'हं' आणि 'नको' एवढ्यावर भागतं, परक्याशी काय बोलणार?

मामा एरवी जेवणाच्या सुटीतही खाली उतरत नसत, डबा वरच. पण त्या इंजिनिअरचे वडील तिकडं वारले आणि काम सोडून त्याला जाता आलं नाही, तेव्हा चार दिवस दुपारचे मामा शिडी उतरून त्याच्याशेजारी सळ्यांच्या ढिगावर बसले. बोलणार कशात? चार दिवस झाले, मामा परत वर.

काम संपत आलं आणि तो परत निघाला. उद्या जाणार असं ठरलेलं, पण गाडी आजच आली. मामांच्या हुकाला सळ्यांची मोळी लटकलेली. लटकत्या वजनाला सोडून खाली उतरायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम. त्याची वॉकीटॉकी तर ऑफिसात जमा झालेली. मामांनी पायाखालच्या काचेतून बघितलं, तर तो मोकळ्या जागेत आला, गुडघ्यांवर बसला आणि जमिनीवर ओणवा झाला. मामांना वाटलं, ह्याचं काहीतरी पडलं, किल्ली म्हणा, स्क्रू म्हणा, ते शोधतोय. आणि डोक्यावर मोळी येतेय. मामांनी हॉर्न दिला. तो हलेना, म्हणून आणखी दोनदा दिला. तेव्हा तो उठला, गुडघे झटकले आणि गाडीत बसून गेला. वर बघून हात नाही हलवला, काही नाही. रखवालदाराकडं तेवढी एक चिठ्ठी ठेवली होती, तिच्यावर तिकडच्या अक्षरात घरचा पत्ता.

मामांना हे लागलं. नऊ वर्षं लागून राहिलं. चिठ्ठी कपाटात, कागदपत्रांच्या खाली. मला म्हणायचे, पाच वर्षांत एकदाही त्याच्या अंगावर खडा पडू दिला नाही, आणि जाताना हा किल्ल्या शोधत बसला. निवृत्त झाल्यावर तर रोजचंच झालं. गॅलरीत बसायचे आणि खाली रस्त्याकडं बघत राहायचे, कुणी हात वर करेल म्हणून बसल्यासारखे. मग वर्गाची जाहिरात दिसली. प्रश्न ठरलेला होता, जाताना निरोप का घेतला नाहीस?

अक्षरं गिरवताना मामा जीभ बाहेर काढायचे. पोरी खिदळायच्या, मामा त्यांना खोडरबर उसना द्यायचे आणि परत मागून घ्यायचे. पाच महिन्यांत पाच शब्दांचं ते वाक्य बसत आलं होतं.

त्या शनिवारी वर्गातली ट्यूब लुकलुकत होती. पायरीवर कुरकुरणारे मामांचे गुडघे शिडी दिसली की एकदम गप्प बसायचे. कुणी विचारायच्या आत मामा पुस्तकांच्या कपाटाची शिडी लावून वर चढले आणि ट्यूब फिरवायला लागले. खाली बाई रीतिरिवाज शिकवत होती. म्हणाली, आज मोठा नमस्कार दाखवते. पोरींना बाजूला सारलं, हातावर हात ठेवून कपाळापर्यंत नेले, गुडघ्यांवर बसली आणि पुढं वाकत वाकत डोकं जमिनीजवळ नेलं.

मला तर खाली बसून छान नमस्कार दिसला. वर ट्यूब फिरायची थांबली.

मामा म्हणाले, बाई, परत एकदा करा. तिनं परत केला. मामा शिडीवरून खाली बघत राहिले. वरून काय दिसत असेल ते मला तेव्हा कळलं, आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मामांनी विचारलं, हा कुणाला करायचा असतो? बाई म्हणाली, घरातल्या वडीलधाऱ्यांना. लांब जायचं असलं, परत भेट कधी ते ठाऊक नसलं, की करतात. बाहेरच्या माणसाला सहसा नाही.

मामा उतरले ते पायरी पायरी चाचपत. खुर्चीवर बसले, वही उघडली आणि पाच महिने घोटलेल्या त्या वाक्यावर रेघ मारली. पोरींना काय झालं ते समजेना. मी त्यांना खुणेनं गप्प केलं. मामा हळूच मला म्हणाले, तीनदा हॉर्न दिला हो मी.

पुढच्या शनिवारी मामा येतात की नाही अशी मला धास्ती होती. आले. नवी वही घेऊन आले. पहिल्या पानावर 'तू', 'मी', 'वरून', एवढंच. बाईला मी सगळी हकीकत सांगून ठेवली होती. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, मामा, तुम्ही सांगा, मी आत्ता पाच मिनिटांत पत्र लिहून देते, उद्या टपालात पडेल. मीही भर घातली, की मामा, नऊ वर्षं झाली, पत्ता तोच असेल की नाही देव जाणे, तुम्ही आता कशाला उशीर लावताय?

मामांनी पेन्सिलीचं टोक बघितलं, आणि म्हणाले, "बाईंनी लिहिलं तर पत्र झकास होईल. पण त्यानं गुडघे स्वतःचे टेकले होते, दुसऱ्याला पाठवलं नव्हतं. मला ते लिहायला यायला लागेल तेवढा वेळ लागू दे. तोवर तो तिथंच राहो, एवढंच म्हणा."