खंड्यासाठी रुतवलेली होडी

दिघीच्या तुळशीराम कोळ्याविषयी मी लिहावं असं मला कोणी सांगितलेलं नाही. मला लिहिण्याची सवयही नाही. पस्तीस वर्षं मुलांचं शुद्धलेखन तपासलं, लेखणीचा संबंध तेवढाच. पण त्याला पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत, आणि त्यांना त्याची एक गोष्ट चुकीची माहीत आहे. ती दुरुस्त करणं माझं काम होतं. आजवर ते जमलं नाही.

मी दिघीच्या शाळेवर आलो तो एकोणीसशे अठ्ठावीस साली. दिघी तेव्हा जंजिरा संस्थानात. तुळशीराम माझ्या आधी वर्षभर मुंबईहून परतला होता. मुंबईला तो बारा वर्षं एका पारशी गृहस्थाच्या फोटो-स्टुडिओत होता. आधी झाडलोट करायचा, मग काचा धुऊ लागला, आणि शेवटी शेवटी मालक जेवायला गेला की गिऱ्हाइकाचा फोटोही काढायचा. मालक म्हातारा झाला, त्यानं स्टुडिओ बंद केला, आणि जाताना एक जुना लाकडी कॅमेरा तुळशीरामला देऊन टाकला. त्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. हाताच्या पंजाएवढ्या काचा एकेक करून बसवाव्या लागत. मुदत संपलेल्या काचांची खोकी तो मालक पुढेही अधूनमधून बोटीनं पाठवत असे.

गावाला वाटलं, हा आता लग्नाकार्याचे फोटो काढील. तुळशीराम खाडीवर जाऊन पाखरांचे काढू लागला.

"तुळशीभावजी, माणसांचं काढा की," विहिरीवर बायका म्हणायच्या. "पाखरांना काय स्थळं बघायचीत?"

"माणूस बस म्हटलं की बसतो," तो म्हणायचा. "त्यात काय हाय?"

त्याची काम करण्याची एक पद्धत होती. ती मला फार आवडली, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर जाऊ लागलो. माणूस काठावरून चालत आला की पाखरं उडतात. होडीला मात्र ती भीत नाहीत, होड्या त्यांनी जन्मभर पाहिलेल्या असतात. पण होडी पाण्यावर हलते आणि हललेला कॅमेरा काही कामाचा नाही. म्हणून तुळशीराम भरतीला होडी हव्या त्या जागी न्यायचा आणि ओहोटीला तिथेच चिखलात बसू द्यायचा. पाणी गेलं की होडी घरासारखी स्थिर. तिच्यात कॅमेरा तिपाईवर उभा, वर नारळाचे झाप टाकलेले, आणि आत तुळशीराम. पुढची भरती येईपर्यंत बाहेर पडायची सोय नाही. बगळे, ढोकऱ्या, तुतवार त्या उघड्या चिखलावर होडीभोवती चरायला यायचे. एकदा एक बगळा होडीच्या नाळेवरच, म्हणजे पुढच्या टोकावर, येऊन उभा राहिला, तेव्हा तुळशीराम मला कुजबुजत म्हणाला, "मास्तर, ह्याला सांगा, लांब हो. इतक्या जवळचा फोटो ह्या पेटीला न्हाय काढता येत."

होडी त्याची एकट्याची नव्हती. थोरला भाऊ सदा आणि तो, दोघांची. सदा मासेमारी करी, आणि काम नसेल तेव्हा तुळशीराम होडी नेई. सदाला हे पसंत नव्हतं, पण तो बोलत नसे. गाव मात्र बोलायचं. बारा वर्षं मुंबईत राहून तुळशा पाणी विसरला, असं म्हणायचे. ते अगदीच खोटं नव्हतं. दुसरे कोळी किनाऱ्यावर उभे राहून सांगत की आज पाणी कुठवर चढेल. तुळशीरामला तिथी विचारून हिशेब करावा लागे, आणि ते त्याला मनातून लागायचं.

एकोणीसशे तीसच्या वैशाखातली गोष्ट. सदाचा मुलगा मोरू, त्याचं लग्न वद्य सप्तमीला ठरलं होतं. नवरी केसर पलीकडच्या काठावरची. त्यांच्या घरात एक रीत होती: सून खाडी ओलांडायची ती घरच्याच होडीतून, दुसऱ्याच्या नाही. सदाची आई तशी आली होती, बायको नीराबाई तशीच आली होती. सदा लग्नाच्या बाजाराला श्रीवर्धनला गेला आणि जाताना होडी तुळशीरामवर सोपवून गेला.

त्याच दिवसांत तुळशीरामनं खंड्याचं बीळ शोधलं होतं. खाडीच्या एका अरुंद फाट्याच्या टोकाला खारजमिनीचा मातीचा बांध होता. त्या बांधात खंड्यानं बीळ केलं होतं. आत पिल्लं होती, आणि नरमादी दोघं मासे घेऊन बिळासमोरच्या वाळक्या काटकीवर क्षणभर बसत, मग आत शिरत. तो क्षण तुळशीरामला हवा होता. उडत्या खंड्याचा फोटो त्या कॅमेऱ्यात येणं शक्यच नव्हतं.

अडचण अशी की तिथवर होडी जायची ती फक्त उधाणाच्या सर्वांत मोठ्या पाण्याला. पौर्णिमेनंतर दोन दिवस पाणी चढत जातं. द्वितीयेला सर्वांत मोठं, आणि तिथून रोज थोडं थोडं उतरतं. त्यातही उन्हाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी. म्हणजे प्रतिपदेच्या दुपारी होडी वर नेऊन बसवली, तर द्वितीयेच्या दुपारी त्याहून मोठं पाणी येऊन ती आपोआप उचलली जाणार. मधली सकाळ तुळशीरामची. बांधाची ती बाजू पूर्वेकडे, म्हणून ऊन सकाळीच मिळणार. पण हेच एक दिवस चुकून द्वितीयेला केलं, तर पुढचं प्रत्येक पाणी कमी, आणि होडी अमावस्येच्या उधाणापर्यंत तिथेच.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीवर आला. दारातूनच त्यानं विचारलं, "मास्तर, आज कोणती तिथी?"

मी दाढी करत होतो. पंचांग माझ्या डोक्यावर खिळ्याला होतं. मी म्हटलं, "काल पौर्णिमा झाली ना? मग आज प्रतिपदा."

"नक्की?"

"काल पौर्णिमा, आज प्रतिपदा. त्यात नक्की काय विचारतोस?"

त्या पंधरवड्यात प्रतिपदेचा क्षय होता. पंचांगात ती तिथी गाळलेली होती. पौर्णिमेनंतर एकदम द्वितीया. हात वर करून बघितलं असतं तर दिसलं असतं. मी मास्तर असून बोटावर मोजलं.

दुपारी आम्ही दोघं होडी घेऊन फाट्यात शिरलो. पाणी बांधाच्या पायथ्याला लागलं होतं. होडी बिळापासून आठ हातांवर उभी केली. पाणी उतरलं, होडी बसली. संध्याकाळी बांधावरून चालत घरी आलो आणि उजाडायच्या आत परत जाऊन झापांखाली बसलो. मी फक्त काचा हातात देत होतो.

ती सकाळ मी विसरलेलो नाही. खंड्याला होडीची भीती उरलेली नव्हती. तो यायचा, काटकीवर बसायचा, चोचीतला मासा दोनदा काटकीवर आपटायचा. तुळशीराम काळ्या कापडाखालून बाहेर येऊन हातातला रबरी फुगा दाबायचा. पाच काचा झाल्या. पाचव्या वेळी तो म्हणाला, "मिळाला, मास्तर. डोळासुदिक मिळाला."

दुपारी पाणी आलं. होडीच्या कडेला चढलं, होडी किंचित हलली. आम्ही वाट बघत बसलो. तुळशीरामनं तळवा होडीच्या बाजूला लावून ठेवला होता. मग पाणी थांबलं, आणि थोड्या वेळानं मागे सरलं.

त्यानं तळवा काढून घेतला. मग म्हणाला, "मास्तर, आज तीज हाय."

मी खोलीवर येऊन पंचांग उघडलं. तीज होती.

सदा त्याच संध्याकाळी परतला. गावानं त्याला वाटेतच सांगितलं होतं. तुळशीरामच्या अंगणात माणसं जमली होती. मीही गेलो होतो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

"होडी कुठं हाय?" सदानं विचारलं.

"बांधाला. रुतलीया."

"लग्न कधी हाय?"

"सप्तमीला."

"मग? सून काय पवत आणायची?"

कोणी तरी हसलं. अनंता म्हणून त्यांचा शेजारी होता, तो म्हणाला, "सदादादा, माझी होडी घ्या. वऱ्हाड जाईल, येईल."

"वऱ्हाड जाईल. सून न्हाय यायची," सदा म्हणाला. मग तुळशीरामकडे वळला. "कोळ्याचा ना तू? द्वितीयेला होडी वर घातलीस?"

तुळशीरामनं माझ्याकडे बघितलं नाही. तो म्हणाला, "मोजण्यात चुकलं, दादा."

माझं तोंड उघडलं नाही. तेव्हाही नाही, आणि माणसं निघून गेल्यावर आम्ही दोघंच उरलो तेव्हाही नाही.

होडी ओढून काढायची ठरली. फाटा दोनशे पावलांचा, आणि चिखल मांडीपर्यंत. सदाला कोणापुढे हात जोडवेनात. नीराबाई घरोघर गेली. "माझी सून चिखलात बसलीया, काढाया या," एवढंच ती म्हणायची, आणि माणसं हसत हसत यायला तयार झाली. पंचमीच्या ओहोटीला बावीस जण आले. वाटेत झाप अंथरले, त्यांवर मुशी माशाचं तेल ओतलं, होडीला दोर बांधले. तुळशीराम दोराला नव्हता. होडी कलू नये म्हणून बाजूला खांदा लावून तो चिखलात उभा होता.

तिजेच्या गडबडीत त्यानं कॅमेरा घरी नेला होता, पण काचांची पेटी नाळेच्या फळीखाली राहून गेली होती. हे त्याला ओढायला सुरुवात झाल्यावर आठवलं. मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तेवढ्यात होडी कलली. पेटी घसरली, कडेवरून खाली आली आणि बावीस माणसांच्या पायांत गेली. काच फुटल्याचा आवाज मी काठावर ऐकला.

"तुळशा, तुझं काय तरी फुटलं रे!" अनंता ओरडला.

तुळशीरामनं खांदा काढला असता तर होडी आडवी झाली असती. "फुटू दे," तो म्हणाला. "ओढा."

दोन ओहोट्यांत होडी मोठ्या पाण्यात आली. सप्तमीला लग्न झालं. केसर घरच्या होडीतून आली. तुळशीरामला वल्हं मिळालं नाही. तो मध्ये बायकांत बसला होता, आणि मोरूचे दोस्त त्याला विचारत होते, "काका, पानी किती हाय बघा, जाऊ ना पुढं?" तोही हसत होता.

त्यानंतर सदानं त्याला होडी दिली नाही. भांडण नाही, अबोला नाही. फक्त होडी नाही.

पाऊस संपल्यावर मी सदाकडे गेलो. तो जाळं शिवत होता. एका दमात सगळं सांगून टाकलं: तिथी मी सांगितली, पंचांग न बघता सांगितली, तुळशीरामनं माझं नाव घेतलं नाही. मला वाटलं होतं, आता होडी त्याला परत मिळेल.

सदानं दोरा दातानं तोडला. "तिथी कुनीबी सांगल, मास्तर," तो म्हणाला. "तुमचं काम पोरांना शिकवायचं. पानी बघायचं काम कोनाचं व्हतं?"

हे तुळशीरामला कळलं तेव्हा तो माझ्यावर रागावला. एवढा रागावलेला मी त्याला कधी पाहिला नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं बोलायला? दादाचं बरोबर हाय. मी तुम्हाला इचारलं, पान्याला न्हाय इचारलं." आणि मग, जरा थांबून, "हे गावात बोलू नका." मी नाही बोललो. गाव आजही म्हणतं की तुळशीराम मोजायला चुकला.

पुढची सहा-सात वर्षं त्यानं जे फोटो काढले ते सगळे घराच्या परसात. घराच्या मागे बोंबील वाळवायच्या काठ्या होत्या, त्यापलीकडे थोडा चिखल, मग खाडी. मागच्या कुडाच्या भिंतीला त्यानं एक भोक पाडलं आणि कॅमेरा कायमचा तिथे उभा केला. त्याची बायको मनुबाई कुरकुरायची की चुलीपाशी सरपण ठेवायला जागा नाही. बोंबलांच्या काठीवर बसलेली घार, मुंगूस, तुळशीवृंदावनाच्या सावलीत पडलेली घोरपड असे फोटो त्यानं तिथून काढले. यातल्या तीन काचा माझ्याकडे आहेत. खंड्याची एकही नाही. परसात खंड्या यायचा, पण घरं जवळ असल्यानं बसायचा नाही.

पाणपाखरं परसात फारशी येत नसत. तिसऱ्या की चौथ्या वर्षी ती येऊ लागली. बगळे, ढोकऱ्या, एकदा तर करकोचाही. मला वाटलं, चिखल वाढला असेल. मग एका सकाळी मी त्या भोकापाशी तुळशीरामबरोबर बसलो होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. सदा टोपली घेऊन मागच्या बाजूनं आला. टोपलीत जाळ्यातल्या बारीकसारीक माशांचा चुरा होता. तो त्यानं चिखलावर फेकला, काठ्यांपासून बरोबर आठ-दहा हातांवर, कॅमेऱ्याच्या समोर, आणि हात झटकत भिंतीकडे बघून ओरडला, "उठला का रे? का झोपलायस? ऊन जाईल!"

"रोज येतो?" मी विचारलं.

"रोज," तुळशीराम म्हणाला. "होडी मागू नये म्हणून." आणि कापडाखाली डोकं घातलं.