ॲशबी खुर्द

मंगळवारी सकाळी डग्लस ॲशबी वारले. त्यांची मुलगी एलन आमच्या दाराशी येऊन एवढंच बोलली आणि उभी राहिली. मी तिला आत घेतलं, चहा केला. कप हातात धरून ती म्हणाली, "आपण नेमके कुठल्या गावचे, हे डॅडना शेवटी कळलं का?" मी तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. त्याला आता काही आठवडे झाले...

ॲन आर्बरला आमची दोघांची अंगणं लागून आहेत. डग विद्यापीठाच्या ग्रंथालयातला नकाशांचा विभाग सांभाळून निवृत्त झालेले. त्यांच्या परसात ॲशचं एक मोठं झाड होतं. मिशिगनभरचे ॲश ज्या हिरव्या किड्याने संपवले, त्यानेच तेही वाळवलं. त्याच्या फळ्या कापून त्यांनी गराजमध्ये रचून ठेवल्या होत्या. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आमची ओळख झाली ती बर्फ उपसताना. माझं आडनाव ऐकून त्यांनी अर्थ विचारला. "वडगावकर म्हणजे वडगावचे. वड हे झाड, त्याचं गाव," मी म्हणाले. त्यांचं फावडं थांबलं. हजारएक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून इंग्लंडात येऊन वसलेल्या उत्तरेकडच्या लोकांच्या बोलीत 'बी' म्हणजे वस्ती, ते सांगू लागले. ॲशबी म्हणजे ॲशच्या झाडांची वस्ती. थंडीने माझे कान बधिर झाले होते, तरी घरात जावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी ते नकाशा घेऊनच आले. इंग्लंडच्या मधल्या आणि पूर्वेच्या भागात ॲशबी नावाची कितीतरी गावं... आपल्याकडे वडगावं असतात तशी. त्यांतल्या दोन जवळजवळच्या गावांवर त्यांनी बोट ठेवलं. ॲशबी मॅग्ना आणि ॲशबी पार्वा, म्हणजे थोरलं आणि धाकटं. पुण्याजवळ वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहेत, अर्थ तोच, हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिकडच्या कारकुनांनी गावं वेगळी ओळखायला लॅटिन शब्द जोडले, इकडच्या कारकुनांनी फारसी. दोघांनीही ती भाषा राज्यकर्त्यांकडून, विद्वानांकडून घेतलेली. झाड मात्र गावकऱ्यांचंच राहिलं. ज्यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं, अशी ही माणसं!

"ॲशबीत राहणाऱ्याला कुणी ॲशबी म्हणत नसणार," ते एकदा म्हणाले. "तो गाव सोडून दुसरीकडे गेला, की तिथले लोक म्हणायचे, हा ॲशबीचा. पुढे मुलांनाही तेच चिकटलं." सात-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी एक माणूस गावाबाहेर पडला, आणि त्याचं निघून जाणं अजून या माणसाच्या पत्रपेटीवर लिहिलेलं आहे, हे मनात आलं आणि मी त्या पत्रपेटीकडे पाहत राहिले. माझ्या दारावरचं नाव तरी वेगळं काय सांगत होतं?

पुढे डगना कर्करोग निघाला. एवढा लांबचा प्रवास आता एकदाच होईल, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना मूळ गावी जायचं होतं, पण गाव कुठलं? पूर्वज इंग्लंडातून आले, यापलीकडे घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. आयुष्यभर इतरांना गावं शोधून देणारा हा माणूस स्वतःच्या गावापाशी अडला होता. शेवटी त्या जोडगावांतलं एक, इतपत त्यांनी ठरवलं. पुढे पाऊल उचलेना.

माझी आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. ती त्यांना पहिल्यापासून 'वडगावकर'च म्हणायची. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग कौल लावू या की."

"अगं आई, ते सीरियसली घेतील!"

"घेऊ देत. आपलं तरी खरं वडगाव कुणाला ठाऊक होतं? तुझ्या पणजोबांनी कौल लावला, एक वडगाव धरलं, नारळ फोडला. तेव्हापासून ते आपलं."

हे मला नवीन होतं. डगना ते इंग्रजीत सांगताना माझी वाक्यं अडखळली.

आईने देवाच्या टाकाला दोन ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी बुद्रुक, डावी खुर्द. आधी पडेल ते गाव. डग हात जोडून बसले. तेवढ्यात हीटर सुरू झाला आणि डावी पाकळी पडली.

"हा तर हीटरचा वारा," डग हसत म्हणाले.

मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "वडगावकरांना विचार, मग वारा कुणाचा?"

ते एलनबरोबर गेले. इथल्या इंडियन ग्रोसरीतून घेतलेला नारळ नेला होता. तो गावाच्या शिवेवर ठेवला. तिथलेही ॲश कसल्याशा रोगाने वाळत होते, पण एका वाळक्या खोडाच्या बुंध्याशी नवी रोपं होती, असं परत आल्यावर ते सांगत होते. मग त्यांनी गराजमधल्या फळ्या काढल्या. आई देवासमोर टॉवेलाची घडी घालून त्यावर बसायची, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. माझ्याकडून मापं घेऊन, दमत, थांबत, त्यांनी एक पाट केला. खिळा एकही नाही.

एलनला मी परवा सांगितलं. गाव त्यांना कळलं नाही. त्यांनी एक धरलं, आणि तिथे जाऊन आले. ती म्हणाली, "मग पुढच्या उन्हाळ्यात मी मुलांना घेऊन तिथेच जाते."

आई साताऱ्याला आहे. पाट आमच्या देवासमोर आहे. सकाळी मी त्यावर बसते.